कापलेल्या कॅसेटमधला निकाह

युद्धाच्या भीतीनं मी रियाध सोडलं आणि जिथून लढाऊ विमानं उडणार होती, नेमक्या त्याच गावी मुक्कामाला गेलो.

यात मला कुणी फसवलं नव्हतं. नकाशा माझा होता, फूटपट्टीही माझीच. कुवेतपासून रियाध किती लांब आणि अल खर्ज किती लांब हे मी मोजलं, खर्ज दक्षिणेला आणखी ऐंशी किलोमीटर भरलं, तेव्हा तितकंच ते सुरक्षित, असं मी ठरवलं. रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात माझी नोकरी. मोजमापावर माझा विश्वास. खर्जजवळ अमेरिकन विमानांचा तळ पडलाय हे आमच्या मजल्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही.

बायको आणि मुलगी डिसेंबरातच सांगलीला गेल्या होत्या. कुवेत सोडायची सद्दामची मुदत संपायला पाच-सहा दिवस उरले होते आणि ओलायातल्या चकचकीत इमारती निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. गॅसचा हल्ला झालाच तर म्हणून मी घरातली एक खोली चिकटपट्टीनं हवाबंद केली. फार सुबक काम झालं होतं. संपल्यावर चार पावलं मागं सरून बघितलं, तेव्हा कळलं की पट्टी मी दाराच्या बाहेरून लावली होती.

हे ऐकल्यावर बँकेचा ड्रायव्हर इब्राहिम म्हणाला, “साहेब, तुमी एकटे राहू नका. गॅसच्या आधी तुमीच काय तरी करताव.” इब्राहिम दापोलीकडचा. खर्जच्या एका डेअरी फार्मवर त्याचे गाववाले कामाला होते आणि सुट्टीला तो तिकडे जायचा. “चला माझ्याबरोबर. चार दिवस गायींच्यात राहा. त्या तरी तुमचं ऐकून घेतील.”

गुरुवार

रियाध मागं पडलं की रस्ता सरळ आणि जमीन उघडी. आमच्याकडे माळ म्हटलं तरी एखादं बाभळीचं झाड, एखादी शेळी असते. इथे नजर कुठं टेकवावी ते कळत नाही. मग अचानक वाळूत एक हिरवी चकती दिसते. एकदम गोल, ताट ठेवून आखल्यासारखी. मधोमध विहीर, आणि फर्लांगभर लांबीचा लोखंडी पाइप चाकांवर घड्याळाच्या काट्यासारखा फिरत पाणी घालतो. पिकतं काय, तर लसूणघास. उन्हाळ्यात इथल्या गायींच्या गोठ्यात थंड पाण्याचे फवारे असतात. “आणि माणसांच्या खोल्यांत?” मी विचारलं. “माणसं दूध देत नाय, साहेब,” इब्राहिम म्हणाला.

वाटेत पेट्रोल पंपावर अमेरिकन फौजेचे सहा-सात ट्रक उभे होते. सैनिक खाली उतरून पाय मोकळे करत होते. मी आयुष्यभर सिनेमात पाहिलेली अमेरिकन फौज म्हणजे एका साच्यातून काढलेले गोरे, उंच, निळ्या डोळ्यांचे गडी. इथे तर नाना रंगांची माणसं. एकजण आमच्या मिरजेचा वाटावा इतका सावळा, दुसऱ्याचे डोळे चिनी. आणि शेवटचा ट्रक चालवत होती एक काळी बाई. बाह्या वर सारलेल्या, एक कोपर खिडकीवर. ज्या देशात बाईला गाडी चालवायची मुभा नाही, तिथे ती बाई रणगाड्याएवढा ट्रक मागं घेत होती आणि पंपावरचे सगळे पुरुष अदबीनं बाजूला होत होते.

पंप मागं पडेपर्यंत इब्राहिम आरशातून त्या ट्रककडे बघत होता. मग म्हणाला, “घरवाली स्कूटर मागते. मी दोन वर्षं नाय म्हणतोय. आता कनच्या तोंडानं नाय म्हणू?”

पुढे दोन विमानं इतक्या खालून गेली की मी गाडीच्या तळाशी जाऊन बसलो. इब्राहिमनं मला हात देऊन वर घेतलं. “साहेब, ही आपल्या बाजूची. आता रोज बघाल. फार्मच्या डोक्यावरूनच जातात.” माझी फूटपट्टी पिशवीतच होती. मी ती बाहेर काढली नाही.

फार्मच्या मेसमध्ये तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. सांगलीच्या माणसानं सुकटीला नाक मुरडायचं असतं. मी दोनदा मागून घेतली. वाढणारे गृहस्थ साठीचे, बारीक, मेंदी लावलेली दाढी. हाताला कंप. हे उस्मानचाचा. पूर्वी बोटीवर खलाशी, मग वीस-बावीस वर्षं याच देशात. कंप सुटला तसं त्यांना दूध काढायच्या यंत्रावरून उठवून मेसमध्ये आणलं होतं.

भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलं, “रियाधला कुवेतची काय खबर?” मी पेपरात वाचलेलं सांगितलं. ते मान डोलवत ऐकत राहिले, पण त्यांना पेपरातली खबर नको होती. त्यांचा मुलगा सलीम कुवेतमध्ये एका किराणा दुकानावर होता. त्याच्याबरोबरचे सगळे अम्मानवरून मुंबईला पोचले. हा मालकाचं दुकान सोडून निघाला नाही. ऑगस्टपासून पत्र नाही, फोन नाही.

“गावी का जात नाही तुम्ही? तिथं वाट बघता येईल,” मी म्हटलं.

“सरहद्द उघडली का तो ह्या बाजूनं येल. त्याच्या खिशात खर्जचा पत्ता हाय, मीच लिहून दिलेला. तो हिकडे आला आन बाप गावाला, मग?” त्यांनी माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली. “कोणतरी उभा पायजे ना.”

पण उभं राहणं त्यांच्या हातात नव्हतं. युद्धाच्या गडबडीत बंदरातून माल वेळेवर येत नव्हता, काम घटलं होतं, आणि फार्मचा इजिप्शियन मुदीर, म्हणजे मॅनेजर, काही माणसांना कायमचं परत पाठवायची यादी करत होता. याला ‘खुरूज’ म्हणतात. पासपोर्टवर तो शिक्का बसला की विमानात बसायचं, मागं वळून बघायचं नाही. यादीत नऊ नावं झाली होती आणि मुदीर दहावं शोधत होता. कापऱ्या हाताचा म्हातारा हे नाव कुणालाही पहिल्यांदा सुचेल.

“चाचांना कोण काढतो?” इब्राहिमनं मला नंतर समजावलं. “शुक्रवारी सिनेमा कोण सांगेल मग? मुदीरला ठाऊक हाय, सिनेमा हाय म्हणून कामगारांच्या कॅम्पात भांडण नाय.”

शुक्रवार

या देशात थिएटर नाही. व्हिडिओची दुकानं आहेत, पण तिथल्या कॅसेटी आधी कुणीतरी कात्री लावून सोवळ्या केलेल्या असतात. आणि फार्मवर सतरा भाषांची माणसं. तेव्हा तिथे एक रिवाज पडला होता: सिनेमा इंग्रजी, आणि टीव्हीच्या शेजारी एकजण बसून तो सगळ्यांना सांगणार. कॅम्पच्या हिंदीत, कोकणी, बंगाली, पठाण, सुदानी सगळ्यांना कळेल अशा. सांगायचा मान उस्मानचाचांचा.

जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, आणि चाळीसेक माणसं मेसमध्ये दाटीवाटीनं बसली. पाहुणा म्हणून मला पुढं खुर्ची. चाचा टीव्हीच्या बाजूला पेंडेच्या पालथ्या डब्यावर, हातात एक काठी. कॅसेट कॅम्पची लाडकी, अकरा-बारा वेळा पाहिलेली. पाहुण्याच्या मानासाठी पुन्हा लावली. पहिलंच दृश्य दिसलं आणि मी ओरडलो, “अरे, हा मी मिरजेला पाहिलाय! कॉलेजात असताना. पूर्ण!”

अमेरिकेच्या जुन्या सरहद्दीवरचा तो प्रेमपट. असे ढिगानं निघत. उजाड मुलुखातला किल्ला, तिथं आलेला तरुण गोरा अधिकारी, तिथल्या मूळ टोळीच्या सरदाराची मुलगी, आणि किल्ल्यावर झालरीचा झगा घालून वाट बघणारी कर्नलची मुलगी. अधिकाऱ्याचं मन टोळीतल्या मुलीवर बसतं, आणि शेवटी ती त्याच्यासाठी गोळी झेलून मरते, म्हणजे लग्नाचा प्रश्न सुटतो. अशा सिनेमांत तिनं मरायचंच असतं. तेवढ्यासाठी तिला घेतात. मिरजेला आम्ही पोरं सगळीच्या सगळी त्या अधिकाऱ्याच्या घोड्यावर बसलेली असायचो. आमच्या रंगाची माणसं समोर उभी होती, पण त्यांच्या बाजूला जाऊन बसावं हे एकालाही सुचलं नाही.

इथे बसायची व्यवस्था निराळी होती. टोळी पडद्यावर आली तसा मागून आवाज आला, “रंगाचं काम कच्चं आहे.” हा इद्रिस, सुदानी मेकॅनिक, ट्रॅक्टर रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. “बघा, मानेपर्यंतच मारलाय. कानामागं सोडून दिला.” मी नीट पाहिलं. सरदाराचं काम करणारा नट गोरा होता, तपकिरी रंग लावलेला, आणि कॉलरखाली खरंच सीमारेषा दिसत होती. मिरजेला ती मला दिसली नव्हती.

सरदार पुढं आला, छातीवर हात बांधले आणि म्हणाला, “हूं.”

चाचांनी काठी उचलली. “सरदार बोलतो: पाहुण्या, घोडा बांध. पाणी पी. तुझ्या तोंडावर सात दिवसांची धूळ आहे, मी तुझं नाव आत्ता विचारणार नाही. पण विहीर आमच्या बापजाद्यांनी खणलीय. पाणी पिताना एवढं ध्यानात ठेव.”

मेसमध्ये माना हलल्या. एक पठाण “वाह” म्हणाला. आणि मी हसलो.

नुसता हसलो असतो तर चाललं असतं. पण शेजारच्यानं विचारलं, “क्यूं, साब?” आणि समोरच्याचं चुकलेलं दिसलं की दुरुस्त करणं हा माझा जन्माचा धंदा. मी म्हटलं, “तो असं काही बोललाच नाही. नुसतं हूं म्हणाला.”

“मग तो अधिकारी काय बोलला?”

मी सांगितलं. आणि मग मी सांगतच सुटलो. हळूहळू माना माझ्याकडे वळल्या, मी खुर्चीवरून उठलो, चाचांनी काठी माझ्या हातात दिली. मला वाटलं, मान दिला. मी शब्दाला शब्द सांगू लागलो. अधिकाऱ्याची वाक्यं मोठमोठाली, कर्नलची त्याहून मोठी. टोळीतल्या मुलीची पाळी आली की मी थांबायचो.

“ती काय बोलते?”

“काही नाही. बघते.”

“आत्ता?”

“आत्ता म्हणाली, ‘तू चांगला.’”

“बस?”

“बस.”

किल्ल्यावरचा काळा आचारी हंडा घेऊन पडद्यावरून गेला. चाचांच्या सिनेमात याचं नाव बिलाल होतं. त्याला आई होती, तो किल्ल्यातल्या सगळ्यांची गुपितं जाणायचा. इद्रिसनं विचारलं, “बिलाल काय म्हणतो?”

“याला नाव नाही,” मी म्हटलं. “संवादही नाही. तीनदा दिसतो, मग दिसत नाही.”

“तेव्हा तो सुट्टीवर असतो,” इद्रिस शांतपणे म्हणाला. “दोन महिन्यांची. तिकिटासकट.”

मी त्यालाही दुरुस्त केलं. सिनेमात सुट्टीचा उल्लेख नाही, असं सांगितलं.

मग आला नदीकाठ. अधिकारी आणि ती मुलगी एकमेकांसमोर उभी, दोघं जवळ येऊ लागतात, आणि पडदा झटका देऊन एकदम धावत्या घोड्यावर जातो. इथं कात्री लागली होती. मेसमधले पाच-सहा जण गालात हसत एकदम म्हणाले, “निकाह मुबारक!” मागच्या बाजूनं कुणीतरी खजूर वाटायला काढले. हा त्यांचा दर वेळचा रिवाज. चाचांच्या सिनेमात या कापलेल्या जागी निकाह होता.

“कसला निकाह?” मी म्हटलं. “मी पूर्ण पाहिलाय ना. त्यांचं लग्न होतच नाही. इथे ते नुसते...” आणि इथे ते नुसते काय करतात ते मी सांगितलं. इंग्रजी शब्द वापरून, म्हणजे सभ्य वाटावं.

खजुराचं ताट जिथल्या तिथं थांबलं. समोरच्या रांगेतला एक म्हातारा बंगाली उठून बाहेर गेला. मी आजूबाजूला पाहिलं, तर दारात चहाचा पेला घेऊन मुदीर उभा होता. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं, कॅम्पची हिंदीही कळत होती. तो पुढं आला, टीव्ही बंद केला, व्हिडिओचं मशीन काखेत मारलं आणि उस्मानचाचांना म्हणाला, “वर्षभर तू मला सांगतोस, घरगुती सिनेमा आहे. लग्नाचा.”

मुदीर गेला. मेस रिकामी झाली. माझ्या हातात काठी तशीच.

शनिवार

सकाळी ऑफिसच्या दाराला लावलेल्या यादीत दहावं नाव दिसलं. ते कुणाचं हे सांगायला नको.

मला न्याहारी कुणी वाढली नाही असं नाही. वाढली, पण मी ज्या बाकावर बसलो तो बाक पाच मिनिटांत रिकामा झाला. एरवी फार्मचं ताजं ताक पाहुण्याला आग्रहानं देतात. त्या दिवशी मी स्वतः उठून ओतून घेतलं, भाकरी चुरून झाल्यावर करायला काही नाही म्हणून चार पेले प्यायलो, आणि पुढचा तासभर कुठं होतो ते लिहिण्यासारखं नाही.

परत आलो तर इब्राहिम गाडीला टेकून उभा.

“साहेब, एक विचारू? तुमाला कोणी विचारला होता का?”

“त्यांनीच विचारलं, काय बोलतो म्हणून.”

“ते सिनेमाचं विचारत होते. खरं काय ते नव्हते विचारत. सगळ्यांना ठाऊक हाय, चाचांना इंग्रजी येत नाय. बारा वेळा बगितलाय सिनेमा. आमी काय गाढव हाव?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, या मंडळींना मी अंधारातून उजेडात आणतोय.

उस्मानचाचा मेसच्या मागं मासे साफ करत होते. मी माफी मागायला गेलो. भाषण तयार होतं; पण त्यांनी मला सुरी धरायला दिली आणि मी पहिल्याच माशात स्वतःचं बोट कापलं. त्यांनी त्यावर हळद दाबली.

“चाचा, माझी चूक झाली.”

“चूक काय? तुमी खरं बोललाव.” त्यांनी सुरी परत घेतली. “मी बोटीवर होतो ना, तवा पण असे सिनेमे दाखवायचे. मी विचारायचो, हा आपल्यासारखा माणूस काय बोलतो? कप्तान बोलायचा, काय नाय. दर वेळी काय नाय. मग मी ठरवला, इतकी माणसं उभी केली, कोणाच्या तोंडात एक शब्द नाय, असा होत नाय. कोणतरी गाळला असेल. मी भरून घेतो.”

मग एकदम म्हणाले, “सलीम आला तर ह्या मेसचा दरवाजा कोण दाखवेल त्याला? इब्राहिम रियाधला असतो.”

मी बोटाला बांधलेल्या फडक्यासकट तडक मुदीरकडे गेलो. त्याच्या टेबलावर दहा पासपोर्ट रचलेले. मी म्हटलं, माझी आठवण चुकली. तो सिनेमा मी मिरजेला पूर्ण पाहिलाय आणि त्यात लग्न आहे. म्हातारा बरोबर सांगत होता.

मुदीरनं चष्मा काढला. “काल नव्हतं. आज आहे?”

“काल मी दुसऱ्या सिनेमाशी गल्लत केली.”

“बँकेत काम करता ना?”

“हो.”

“कुठली बँक?” असं त्यानं का विचारलं ते मला तेव्हा कळलं नाही. मग म्हणाला, “उद्या दुपारी. सगळ्यांसमोर. मी बसतो, तो सांगेल, तुम्ही साक्ष द्या. निकाहाला साक्षीदार लागतो.”

रविवार

ही गर्दी शुक्रवारपेक्षा मोठी. दुपारची पाळी असलेलेही गमबूट घालून दारात उभे. पुढं दोन खुर्च्या: एक मुदीरची, एक माझी. मुदीरच्या मांडीवर यादी, खिशात पेन. चाचा डब्यावर. काठी त्यांच्या हातात, आणि काठीचं टोक थरथरत होतं.

सिनेमा सुरू झाला, पण चाचांचा आवाज बसला होता. सरदार “हूं” म्हणाला आणि चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यांनी विहिरीचं वाक्य कसंबसं म्हटलं. कुणी “वाह” केलं नाही; सगळे मुदीरच्या पेनाकडे बघत होते. डोक्यावरून विमानं गेली, टीव्हीचं चित्र थरथरलं, पुन्हा स्थिर झालं.

नदीकाठ आला. दोघं जवळ आली. झटका. घोडा.

मुदीरनं हात वर करून चित्र थांबवायला लावलं आणि माझ्याकडे वळला. “इथं लग्न झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

“तुम्ही पाहिलं?”

“डोळ्यांनी.”

“कसं झालं? सांगा.”

एवढं विचारील असं मला वाटलं नव्हतं. तयारी ‘झालं’ या शब्दापर्यंतच होती. निकाह मी कधी पाहिला नव्हता. माझ्या डोक्यात लग्न एकच होतं, ते माझं. आणि तोंड उघडल्यावर तेच बाहेर पडलं. “आधी,” मी म्हटलं, “दोघांच्या मध्ये एक पडदा धरला. मग सगळ्यांनी त्यांच्या डोक्यावर तांदूळ टाकले. मग विस्तवाभोवती सात फेरे...”

मागून कुणाला तरी हसू फुटलं. मी घाईनं पुढं गेलो. थांबलो तर पकडला जाईन असं वाटत होतं. “मग सरदार रुसला, कारण त्याला पहिल्या पंगतीला बसवलं नाही. मग मुलीच्या मामानं समजूत काढली. जिलेबी कमी पडली.”

आता अख्खी मेस फुटली. इद्रिस भिंतीला टेकून डोळे पुसत होता. इब्राहिमनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं. ज्या म्हाताऱ्या बंगाल्यानं शुक्रवारी सभात्याग केला तोसुद्धा हसत होता. मुदीर तेवढा हसला नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा उस्मानचाचा उठले. “मुदीर, हे बाहेरचं झालं,” ते म्हणाले. “प्रत्येक मुलुखाची रीत असते, ती साहेबांनी सांगितली. आतलं मी सांगतो.” आणि काठी थांबलेल्या चित्रावर टेकवली. आता ती थरथरत नव्हती.

“सरदार मुलीला विचारतो: तुला हा माणूस कबूल आहे? मुलगी गप्प. किल्ल्यातले लोक म्हणतात, गप्प आहे म्हणजे हो. सरदार म्हणतो, नाही, आमच्यात गप्प म्हणजे गप्प. पुन्हा विचारतो. तेव्हा ती त्या गोऱ्याकडे बघून बोलते: तू माझं पाणी प्यालास, माझ्या वाटेनं चाललास, आणि अजून माझं नाव तुला नीट घेता येत नाही. मी किल्ल्यात येणार नाही. तिथं मला कुणी काही विचारणार नाही. तू माझ्या गावी ये. माझ्या आईशी माझ्या भाषेत दहा वाक्यं बोल. दहा. मग मला तिसऱ्यांदा विचार.”

गमबूटवाले दारातून आत सरकले होते.

“मग?” हे मुदीरनं विचारलं.

“एक हिवाळा गेला,” चाचा म्हणाले. “तो दहा वाक्यं शिकला. बिलालनं शिकवली. मग तिनं कबूल म्हटलं. साक्षीदार दोन: बिलाल आणि तिचा मामा.” आणि त्यांनी काठीनं खूण केली, तसा घोडा पुन्हा धावू लागला. “हा आता मिठाई आणायला चाललाय.”

शेवटी त्या मुलीला गोळी लागायच्या जागी कॅसेट खराब होती. पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांत चाचांनी तिला वाचवलं, घोड्यावर बसवून घरी पोचवलं. इद्रिस माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “साब, तुम्ही पूर्ण पाहिलाय. शेवटी काय होतं?”

“मला आठवत नाही,” मी म्हटलं. त्या चार दिवसांत मी बोललेलं हे एकच वाक्य असेल ज्यानं कुणाचं नुकसान झालं नाही.

मुदीर उठला. यादीवर एक रेघ मारली, कागद उस्मानचाचांसमोर धरला आणि इंग्रजी नावं ते वाचू शकत नाहीत हे लक्षात येऊन रेघेवर त्यांचं बोट टेकवलं. मग माझ्याकडे बघत इब्राहिमला अरबीत बरंच काही म्हणाला. मी अदबीनं मान लववली. चाचा माझ्याजवळ आले, बोटावरची पट्टी तपासली, आणि लगेच आत गेले. रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ भिजवायचं होतं.

तासाभरात इब्राहिमनं माझी पिशवी गाडीत टाकली. मी म्हटलं, मी तर आणखी दोन दिवस राहणार होतो. तो म्हणाला, “यल्ला साहेब, बसा.”

खर्ज मागं पडेपर्यंत मी तग धरला. साक्ष बरी दिली, असं मला मनातून वाटत होतं. मुदीरनं त्याबद्दलच काहीतरी म्हटलं असणार. शेवटी विचारलंच, “इब्राहिम, तो माझ्याकडे बघून काय बोलला?”

“जाऊ द्या, साहेब.”

“सांग रे. मला राग येणार नाही.”

इब्राहिमनं रस्त्यावरची नजर काढली नाही. “बोलला, म्हातारा राहू दे, तो खोटं बोलतो ते ऐकत बसावा वाटतं. ह्या बँकवाल्याला मात्र आजच्या आज घेऊन जा. ह्याला खरं कुठं बोलू नये ते कळत नाय, आन खोटं तर बोलताच येत नाय.”